बिल नसलेला टेप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. किस्सा संपला की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून हसणार आणि मग मला चहा गोड लागत नाही. माणसानं सावध असावं, हे मलाही मान्य आहे. पण किती? मी एकदा सावधपणा करायला गेलो आणि असा काही आपटलो, की अजून उठलेलो नाही!

मी तेव्हा जळगावात नवा-नवा सरकारी कारकून होतो. आमचं गाव तिकडे धुळे जिल्ह्यात, पिंपळनेरकडे. जळगावात एका चाळीत खोली घेऊन एकटाच राहायचो. सकाळी स्टोव्ह, संध्याकाळी स्टोव्ह आणि मधे ऑफिस. बोलायला कोण? तर भिंत. म्हणून माझ्या मनात एक टू-इन-वन भरला होता. म्हणजे रेडिओही तोच आणि टेपही तोच. त्या काळात ज्याच्या खिडकीतून टेप वाजायचा, त्याला चाळीत केवढा मान! नवा घ्यायची ऐपत नव्हती. त्यामुळे कोणाचा जुना निघतो का, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत सुटलो होतो.

आणि एक दिवस टेपच माझ्या दारात आला की हो!

आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत किशोर नावाचा कॉलेजातला पोरगा राहायचा. रावेरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. एका दुपारी बघतो तर हा दारात उभा. बगलेत गोधडीचं गाठोडं.

"दिलीपभाऊ, तुम्हाला टेप पाहिजे होता ना?"

त्यानं गाठोडं सोडलं. आत चकचकीत टू-इन-वन! दोन बाजूंना दोन स्पीकर, वर धरायला मूठ. मी हात पुसून मगच त्याला हात लावला. पण पोरानं किंमत सांगितली ती इतकी कमी, की आनंद व्हायचा सोडून मी आधी दाराबाहेर डोकावून बघितलं.

"बिल?" मी विचारलं.

"बिल नाही, भाऊ."

"निदान खोकं?"

"तेही नाही."

"मग आहे तरी कोणाचा?"

"घरचाच आहे." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या स्टोव्हकडे बघत होता. "पण आजच घ्या. आणि कोणाला सांगू नका."

आता तुम्हीच सांगा, घरची वस्तू कोणी गोधडीत बांधून आणतं का?

म्हटलं, निदान वाजतो का ते तरी बघू. बटण दाबलं. आत कॅसेट होतीच. थोडी खरखर झाली आणि माझ्या खोलीत एक खणखणीत आवाज घुमला, "अध्यक्ष महाराज, आणि माझ्या तमाम केळी उत्पादक बंधूंनो! केळी हे फळ नव्हे! केळी हा..."

किशोरनं अशी झेप घेतली म्हणता! टेप बंद. पोरगं घामाघूम.

केळी नेमकी काय आहे, ते काही मला त्या दिवशी कळलं नाही. पण एक गोष्ट मी पक्की ताडली. हा टेप कुठल्यातरी पुढाऱ्याच्या घरातून उचललेला आहे!

हसू नका. आमच्या ऑफिसातल्या एका शिपायानं स्वस्तात मिळते म्हणून सायकल घेतली होती. ती निघाली चोरीची. सायकल तर गेलीच, वर बिचाऱ्याला दिवसभर चौकीतल्या बाकावर बसवून ठेवलं आणि साहेबांनी झाडलं ते वेगळंच. माझी तर नोकरी अजून कायम व्हायची होती. पुढाऱ्याचा टेप माझ्या खोलीत सापडला, तर मी कायमचा घरीच!

मी किशोरला म्हटलं, "विचार करून सांगतो. तोवर तुझ्याकडेच ठेव."

"लवकर सांगा हं, भाऊ," असं म्हणत त्यानं टेप परत गोधडीत गुंडाळला. तान्ह्या पोराला गुंडाळावं तसा.

नेमके त्याच आठवड्यात आमचे आबा डोळे तपासायला जळगावला आले. आबा म्हणजे माझे थोरले काका. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द आबांचा. बैलबाजारात तर पंचक्रोशीत त्यांच्यासारखा जाणकार नाही. बैलाच्या दातांवरून ते त्याच्या मालकाचा स्वभाव सांगायचे. मी त्यांना सगळं सांगितलं.

आबा आपल्या अहिराणीत म्हणाले, "टेप ले का बैल ले, कायदा एकच शे. चोरीना बैल कसा वळखाना? मोकळा सोडी देवाना. ज्या घरमा घुसी, तोच त्याना मालक."

"आबा, टेप कसा मोकळा सोडणार? त्याला काय पाय आहेत?"

"मंग आपले पाय शेतस ना! चाल, त्या पोरगाना गाव जाऊत. घर देखूत, मानसं देखूत. बठ्ठं इचारी लेऊत."

मी मनात म्हटलं, घरीच जाऊन सगळं विचारून घ्यायचं! काय डोकं आहे म्हाताऱ्याचं! मंडळी, तेच डोकं आम्हाला नडलं.

रविवारी निघालो. आबांनी स्वच्छ धोतर नेसलं, नवी टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं. मलाही इस्त्रीचे कपडे घालायला लावले. म्हणे मळक्या माणसाला कोणी खरं सांगत नाही. मी केसांना तेल लावलं, भांग पाडला, खिशात रुमालसुद्धा ठेवला. निघताना आरशात बघितलं. तेव्हाच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं!

आबांचा नियम असा, की थेट घरी जायचं नाही. आधी गावातल्या हॉटेलात बसायचं, चहा मागवायचा आणि अंदाज घ्यायचा. तसे आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो. किशोरचं नाव काढताच हॉटेलवाला म्हणाला, "नानाचा पोरगा! ते काय, समोर मोठं गेट दिसते, तेच घर."

आबा सरसावून बसले. "मानसं कशी शेतस?"

"एकदम देवमानसं."

"कोर्टकचेरी? भाऊबंदकीना तंटा?"

"काही नाही."

"पोरगाले काही नाद?"

"छ्या! आवाज तेवढा मोठा हाये नानाचा. पन मनही मोठं हाये."

हॉटेलवाल्यानं ग्लास विसळायचे थांबवले. त्यानं मला भांगापासून चपलेपर्यंत बघितलं.

"हे पाहुने कुठी नोकरीले हायेत का?"

"सरकारी," आबा ताठ होत म्हणाले. "जळगावमा."

"एकटेच राहतात?"

"हो," मी म्हटलं.

"अन् सयपाक?"

"हातानंच करतो."

"च् च् च्!" हॉटेलवाला इतका हळहळला, की मला स्वतःचीच दया आली.

त्यात आबांची सवय तुम्हाला ठाऊक नाही. त्यांना काशीत सोडा की काश्मिरात, तिसऱ्या वाक्याला ते नातं काढतात. इथेही आडनावं निघाली, मामाची गावं निघाली आणि फैजपूरची आमची मावशी नानांच्या आतेबहिणीची जाऊ निघाली. इतक्यात कोपऱ्यातल्या बाकावरचा एक माणूस अर्धा चहा तसाच टाकून उठला, सायकलवर बसला आणि जोरात पॅडल मारत नानांच्या घराकडे गेला.

मी आबांच्या कानात म्हटलं, "आबा, ही टोळी आहे! तो सावध करायला गेला."

"जाऊ दे ना," आबा म्हणाले. "सावध मानूसच घाबरस अनी चुकस."

आम्ही घरापाशी पोचलो, तर अंगणात नुकताच सडा मारलेला. खाटेवर नवी चादर. शेजारच्या घरातून खुर्च्या येत होत्या. समोरच्या प्रत्येक खिडकीत एक बाई, काही खिडक्यांत दोन. मला वाटलं, संपलं! आपल्याला घेरलं.

आणि आतून कडक टोपी घातलेले एक भारदस्त गृहस्थ हात पसरून आले. "या या या! या, पाहुने!"

मी जागच्या जागी थबकलो. हा आवाज! हाच तो अध्यक्ष महाराजवाला, केळी हे फळ नव्हेवाला आवाज!

हुश्श! म्हणजे टेप खरंच घरचा होता. पोरगं खोटं बोललं नव्हतं. पण मग गोधडी कशाला? मी ओसरीवर बसल्या बसल्या चहूकडे बघितलं. कोपऱ्यात एका स्टुलावर सुंदर विणलेला रुमाल होता आणि त्यावर काहीच नव्हतं.

नानांनी माझी नजर टिपली. "तिथं आमचा टेप असते. बिघडला म्हनून किशोर जळगावले घेऊन गेला. नाहीतर तुम्हाले माझं सोसायटीतलं भाषन ऐकवलं असतं."

हे ऐकून ओसरीवरच्या समस्त मंडळींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी विसरणार नाही.

तेवढ्यात आतून पाण्याचे ग्लास घेऊन कोण आलं? किशोर! रविवार म्हणून घरी आला होता. त्यानं मला बघितलं, आबांना बघितलं आणि एक अख्खा ग्लास माझ्या इस्त्रीच्या पँटवर ओतला.

"हा आमचा किशोर," नाना म्हणाले. "काय रे, कधी भेटते टेप?"

"भे... भेटीन, नाना." आणि माझ्याकडे असा बघायला लागला, की दगडाला पाझर फुटावा. मग जो आत पळाला तो पुन्हा बाहेर आला नाही.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगं बापाच्या नकळत टेप विकायला निघालं होतं. म्हणजे चोरी खरीच होती, पण घरातल्या घरात! मी ठरवलं, गप्प बसायचं. चहा प्यायचा, उठायचं आणि जळगावला गेल्यावर त्याचा कान धरायचा. सोपं होतं, नाही का?

पण आधी पोहे आले. मग केळीचे वेफर आले. मग डिंकाचे लाडू आले. मला वाटलं, चौकशीला आलेल्या माणसाला लाडू? काय मनाचा मोठेपणा! लाडू संपतो न संपतो तोच आतला पडदा बाजूला झाला आणि हिरवी साडी नेसलेली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सगळे एकदम ताठ बसले. खिडक्यांतल्या बायका पुढे वाकल्या.

नाना म्हणाले, "ही आमची शोभा. टी.वाय.ला हाये."

अहो, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला! माणसं कशी, घराणं कसं, तंटा आहे का, मामा कुठले... हे सगळं रविवारी, इस्त्रीचे कपडे घालून, घरातल्या वडीलधाऱ्याला बरोबर घेऊन कोण विचारतं? आम्ही मुलगी बघायला आलो होतो! आणि हे अख्ख्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हा दोघांना.

मी आबांकडे बघितलं. आबांच्याही ध्यानात आलं होतं. आबा म्हणजे सरळ माणूस, पोटात एक आणि ओठात एक असं त्यांना जमायचं नाही. त्यांनी लाडू खाली ठेवला, उपरण्याला हात पुसले आणि खाकरले.

"नाना, जरा गैरसमज व्हई ऱ्हायना. खरं सांगस. आम्ही ज्या कामले उनूत, ते काम..."

मंडळी, विचार करा. आबांचं ते एक वाक्य पुरं झालं असतं तर काय झालं असतं? एक तर त्या आवाजाच्या धन्यानं किशोरची साल काढली असती. ते एक वेळ चाललं असतं. पण ती मुलगी! ती हातात ट्रे घेऊन उभी होती, सगळी आळी बघत होती. आणि तिच्या देखत आबा सांगणार, की बाई गं, आम्ही तुला बघायला नाही आलो, तुमचं घर चोरांचं आहे का ते बघायला आलो. मला ते सहनच झालं नाही. काहीतरी करून आबांना थांबवायचं होतं. हातानं थांबवता येईना, पायानं थांबवता येईना. शेवटी मी तोंड उघडलं आणि ओरडलो,

"पसंत आहे!"

कुठेतरी बशीत एक चमचा पडला, तेवढाच आवाज.

मुलगी अजून उभीच होती. तिला कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता. आणि आमच्याकडे मुलानं कधी तोंड उघडायचं असतं का? घरी जायचं, मोठ्यांनी विचार करायचा, मग मध्यस्थाकडून निरोप जातो. मी चहाचा घोट घ्यायच्या आधीच निकाल देऊन मोकळा झालो होतो. नानांचासुद्धा आवाज बसला. दाराशी येऊन उभा राहिलेला हॉटेलवाला तेवढा म्हणाला, "सरकारी मानूस अन् इतकं झटपट काम! पयल्यांदाच पाह्यलं."

मग नाना भानावर आले. म्हणाले, "पोरगा सरळ दिसते. शोभे, तुले काय वाटते?"

तिनं आधी माझ्या ओल्या पँटकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "चालेल."

बास! एवढंच. पण त्या एका शब्दानं मी तरंगायला लागलो हो! म्हटलं, काय आपली छाप पडली आहे!

परतीच्या एसटीत आबा म्हणाले, "तू टेप लेवाले उना व्हता ना रे?"

"हो, आबा."

"मंग?"

आबा खिडकीबाहेर बघत एकदम हसायला लागले. "बैल मोकळा सोडा, अनी बरोबर घर देखी घुसना!"

यातला बैल कोण, ते मी विचारलं नाही.

जळगावला आल्यावर मी किशोरचा कान धरला आणि टेप मुकाट्यानं दुरुस्त होऊन घरी गेला. उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. आणि मांडवात, सगळ्यांच्या देखत, नानांनी डोळे पुसत माझ्या हातात काय ठेवलं असेल? तोच टेप! वर ती कॅसेट! म्हणाले, "जावईबापू, शोभीले माझ्या आवाजाची लय सवय हाये. तिले करमनार नाही."

आमच्या संसाराच्या पहिल्या सकाळी मी हौसेनं बटण दाबलं आणि इतके दिवस अडलेलं वाक्य एकदाचं पुरं झालं. "केळी हे फळ नव्हे! केळी हा संसार आहे!" म्हटलं, घ्या, झाली सुरुवात. आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं ते भाषण ऐकलं आहे. नाना स्वतः आले, की आधी कॅसेट मागायचे आणि मग पाणी.

तुम्ही म्हणाल, यात फजिती कसली? चांगली बायको मिळाली, टेप मिळाला, तोही फुकट. थांबा. खरी फजिती अजून बाकी आहे.

इतकी वर्षं मी किशोरचं गुपित पोटात ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आणि या गोष्टीचा मला भयंकर अभिमान होता. म्हटलं, काय आपलं मन! मेहुण्याची चोरी झाकली, सासऱ्याची अब्रू राखली. पण अभिमान फार दिवस एकट्यानं बाळगता येत नाही. परवा ही मेथी निवडत बसली होती, तेव्हा मला राहवलं नाही.

"तुझा भाऊ तुला वाटतो तेवढा साव नाही बरं," मी सुरुवात केली. आणि गोधडीपासून आबांपर्यंत सगळं रंगवून सांगितलं.

हिचा हातसुद्धा थांबला नाही. "किशोर? घरातली काडी इकडची तिकडे करायची हिंमत नव्हती त्याची. गोधडीत टेप मी बांधून दिला होता."

"तू?"

"परीक्षा होती ना माझी! नाना पहाटे उठून भाषण लावायचे. मी पुस्तक उघडलं, की केळी हे फळ नव्हे. डोकं उठायचं. म्हटलं, जाऊ दे कुठेतरी लांब. किशोर नको-नको म्हणत होता, मीच त्याला बसमध्ये बसवून दिलं. आणि तुम्ही शोध घेत थेट घरी!"

"म्हणजे, आम्ही कशासाठी आलो होतो ते त्या दिवशी तुला..."

"किशोर आत येऊन रडत होता की! मी चहा घेऊन आले ती काय नटायला-मुरडायला? आता आबा सगळं फोडणार, म्हणून धीर धरून उभी होते. आणि तुम्ही ओरडलात, पसंत आहे!" ती इतकी हसली, की मेथीची पानं उडाली. मग नजर खाली ठेवूनच म्हणाली, "माझी चोरी झाकायला ज्याला दुसरं काही सुचलं नाही, त्याला नाही कसं म्हणायचं?"

मला एकदम भरून आलं. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "म्हणजे तुला मी आवडलो होतो तर!"

"ते आहेच," ती म्हणाली. "पण टेप काही आता घरातून जात नाही, हेही कळलं होतं. म्हटलं, तो जात नाही तर आपणच जावं. मला काय माहीत, नाना त्यालाही माझ्याबरोबर पाठवतील!"

चोरीचा माल घरात येऊ नये म्हणून आबांना घेऊन मी दोन तालुके ओलांडून चौकशीला गेलो होतो. माल तर आलाच, पण चोरालाही मी बँड लावून, अक्षता टाकून, वाजत-गाजत घरी घेऊन आलो.

आणि तेही बिलाशिवाय!